दोनशेची काच

काचेच्या मोजपात्राच्या तळाशी, जिथे बोट सहसा जात नाही, तिथे एक बारीक कोरलेली ओळ आहे. अक्षरं दोन मिलिमीटरपेक्षा उंच नाहीत. पात्र रिकामं असलं आणि उजेड मागून आला तरच ती वाचता येते. पाणी भरलं की पुसल्यासारखी होते. ओळीत एक आकडा आहे, दोनशे, आणि त्यापुढे चौरस सेंटिमीटर. म्हणजे हे पात्र दोनशे चौरस सेंटिमीटर तोंडाच्या नरसाळ्यासाठी बनवलेलं आहे.

आमच्या पर्जन्यमापकाच्या नरसाळ्याचा व्यास अकरा पूर्णांक तीन सेंटिमीटर आहे. मी तो तीनदा मोजला. क्षेत्रफळ शंभर.

पुढचं गणित आठवीतली मुलगीसुद्धा करेल. लहान तोंडाच्या नरसाळ्यात निम्मं पाणी जमतं. काच मात्र ते मोठ्या तोंडाचं समजून सांगते. वीस मिलिमीटर पाऊस झाला की काच दहा दाखवते. जून १९९९ पासून काळदरे गावात जेवढा पाऊस पडला, त्याच्या निम्माच आमच्या नोंदवहीत पडला होता.

हे मला १८ जुलै २००६ रोजी कळलं. त्यानंतर बावीस महिने मी ते कोणाला सांगितलं नाही.

काळदरे नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात मी १९९१ साली केमिस्ट म्हणून लागले. नाशिकहून सकाळची एसटी, चांदवडला उतरून जीप. संध्याकाळी तेच उलट. माझं काम पाण्यातला क्लोरीन, क्षार आणि गढूळपणा तपासण्याचं. पर्जन्यमापक माझ्याकडे आला तो केवळ पाण्याच्या टाकीच्या आवारात बसवलेला होता म्हणून. तो पाहायचा पुंजाराम. हुद्द्याने वॉल्व्हमन, पण रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजून तो नोंदवहीत लिहिण्याचं काम १९८६ पासून त्याच्याकडेच होतं. रविवार, दिवाळी, त्याच्या मुलीचं लग्न, एकही दिवस त्याने चुकवला नव्हता. महिनाअखेर मी बेरीज करायची, तक्ता लिहायचा आणि खाली सही करायची.

त्या जुलैमध्ये प्रयोगशाळेतला मोजनळा फुटला. त्याच्याऐवजी चालेल का पाहायला मी पावसाची काच मागवली आणि चंबूतलं मोजलेलं शंभर मिलिलिटर पाणी तिच्यात ओतलं. आमच्या नरसाळ्याच्या हिशेबाने ते दहाच्या रेघेवर यायला हवं होतं. पाचावर थांबलं. मग मी काच रिकामी करून खिडकीपाशी नेली.

जुनी काच नव्याण्णव सालच्या जूनमध्ये पुंजारामच्या हातून फुटली होती. पाटबंधाऱ्याचं एक शाखा कार्यालय त्याच सुमारास बंद होत होतं. तिथल्या अडगळीतून तो दुसरी काच मागून घेऊन आला. नवी काच मोठी होती. जोराच्या पावसातही दोनदा ओतलं की काम व्हायचं, म्हणून तो खूश होता. मला त्याने आणल्या आणल्या दाखवली होती. मी "छान" म्हणाले होते.

मी आकडे पाहिले, माप पाहिलं नाही. पंच्याऐंशी महिन्यांच्या तक्त्यांवर माझी सही होती.

गावाला या घसरणीचं कधी नवल वाटलं नाही. पहिली काही वर्षं खरोखरच अवर्षणाची होती, त्यामुळे निम्मा आकडा खपून गेला. पुढे चांदवडला पाचशे आणि आमच्याकडे अडीचशे लागू लागला तेव्हा लोकांनी त्याचंही कारण शोधलं. डोंगर आडवा येतो, ढग पलीकडून वळतात. वळणारे ढग शपथेवर पाहिलेली माणसं आमच्याकडे आहेत.

मी गप्प राहिले त्याचं पहिलं कारण लाज. दुसरं कारण, त्या आकड्यांवर गाव दरवर्षी टंचाईच्या यादीत जायचं आणि उन्हाळ्यात टँकर यायचे. तिसरं कारण पुंजाराम. एकदा गप्प बसलं की पुढचा प्रत्येक महिना आदल्या महिन्याच्या आधाराने सरतो. काच तीच राहिली, कारण ती बदलली असती तर गावात एका रात्रीत पाऊस दुप्पट झाला असता. मी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने खरे आकडे लिहीत गेले, एवढंच.

जानेवारी २००८ मध्ये नाशिक विभागाच्या हवामान बदल धोरणाचा मसुदा नगरपरिषदेत आला. एकशे चाळीस पानं. प्रत्येक स्थानिक संस्थेने त्यावर ठराव करून अभिप्राय कळवायचा होता. मुख्याधिकारी यादव साहेबांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. "मॅडम, विज्ञानाचं आहे, तुम्हीच बघा." ते तिशीतले होते, वर्षभरापूर्वी आले होते आणि वर्षभराने जाणार होते.

बासष्टाव्या पानावर आम्ही होतो. 'काळदरे येथील बावीस वर्षांची पर्जन्यनोंद ही विभागातील अखंड नोंदींपैकी एक असून तीत एकही दिवस रिकामा नाही.' खाली आलेख. नव्याण्णवपर्यंत रेघ एका उंचीवर हेलकावत होती, आणि नव्याण्णवला जिन्याची पायरी उतरावी तशी खाली आली होती. आकाश असं पायरीने उतरत नाही. पण आलेख काढणाऱ्याने त्या पायरीवरून एक सरळ तिरकी रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, 'तीव्र घट'.

त्या तिरक्या रेघेमुळे काळदरे पहिल्या वर्गात बसलं होतं. पहिल्या वर्गातल्या गावांना धरणावरून नळयोजना मिळणार होती. आमच्याकडे नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, तेव्हा ही गोष्ट लहान नव्हती. पण तिसऱ्या परिशिष्टात आणखी एक ओळ होती. गावाच्या उत्तरेचं जुनं तळं 'निष्क्रिय जलसाठा' ठरवलं होतं. पाऊसच उरला नाही तर तळं कशाला, म्हणून त्यावरचं आरक्षण उठवून जागा बांधकामाला मोकळी करायला हरकत नाही असं मसुद्याचं म्हणणं.

तळं भरत नव्हतं हे खरं. पण त्याला पाणी आणणारी चारी १९९७ सालीच बुजली होती. तिच्यावर नगरसेवक धोंडीराम बोरस्ते यांच्या प्लॉटांचा लेआउट उभा होता.

मी नोंदी दुरुस्त करून पुन्हा मांडल्या. एकूण पाऊस जवळपास पूर्वीइतकाच निघाला, वर्षाला वीस-तीस मिलिमीटर कमी. त्यावरून काही म्हणता येत नाही. बदलले होते ते दिवस. पूर्वी वर्षाला सरासरी एक्केचाळीस दिवस पाऊस पडायचा, आता एकोणतीस. तोच पाऊस कमी दिवसांत कोसळत होता आणि वाहून जात होता. मसुदा लिहिणाऱ्यांची काळजी खोटी नव्हती. त्यांना फक्त चुकीची गोष्ट दिसत होती. असा पाऊस अडवायला तळं पहिल्यापेक्षा जास्त लागणार होतं, आणि माझ्या सहीच्या आकड्यांवरून तेच तळं जाणार होतं.

हे सांगायचं असं मी जानेवारीतच ठरवलं. पण सांगायला सभा भरावी लागते.

जानेवारीत कोरम झाला नाही. आमच्याकडचे नगरसेवक सभेला येतात, हजेरीवर सही करतात आणि खालच्या मजल्यावरच्या चहाच्या टपरीवर बसतात. सही झाली म्हणजे सभा झाली, असा त्यांचा समज आहे आणि तो फारसा चुकीचाही नाही. फेब्रुवारीत अध्यक्षा आजारी होत्या. मार्चमध्ये अंदाजपत्रक. एप्रिलमध्ये दोनदा लग्नतिथी आडवी आली. विभागाकडून स्मरणपत्रं येत राहिली आणि प्रत्येकावर मी एकच उत्तर लिहिलं, 'माहिती संकलित करण्यात येत आहे.' दर वेळी सभा पुढे गेली की मला संध्याकाळच्या जीपमध्ये झोप लागायची.

शेवटी २९ मे ठरली. त्याच सभेत पुंजारामचा सत्कार होता; तो एकतीस तारखेला निवृत्त होणार होता.

आदल्या दिवशी मी लवकरची गाडी धरली. साडेआठला पुंजाराम आवारात होता. मे महिन्यात काय मोजणार? पण त्याने नरसाळं उचललं, आतली बाटली उलटी करून पाहिली, काच फडक्याने पुसली आणि नोंदवहीत लिहिलं, 'निरंक'. उन्हाळ्याचे सगळे दिवस तो असेच लिहायचा.

"पुंजाराम, थोडं बोलायचंय. बसा."

"बसतो की. बोला बाई." तो टाकीच्या पायरीवर बसला.

मी काच उलटी करून सूर्याकडे धरली आणि ओळ दाखवली. त्याला चष्म्यातूनही दिसेना, मग मी वाचून दाखवली. नरसाळ्यावर पट्टी ठेवून व्यास दाखवला. चंबूतलं पाणी ओतून दाखवलं. तो सगळं नीट पाहत होता, नवीन वॉल्व्हची जोडणी पाहावी तसं.

"म्हंजे," तो म्हणाला, "दहाला पाच."

"हो."

"वीसला दहा."

"हो."

"आन् हे नऊ वर्सं." त्याने नोंदवही मांडीवर घेतली, उघडली नाही. "मला वाटायचं बरं का, बाई. मागं तो ओढा पुलावरून गेला, शाळेची पोरं अडकली, आठवतंय? आन् काच म्हणती एक्केचाळीस. मी म्हटलं, एवढ्याला एक्केचाळीस? पर म्हटलं काच शिकलेली हाय, आपण नाय."

मला हसू आलं नाही. त्यालाही नाही.

"तुम्हाला कधी कळलं?"

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. तरी मी आधी काच खाली ठेवली.

"दोन वर्षांपूर्वी."

त्याने नोंदवही बाजूला पायरीवर ठेवली. मग म्हणाला, "मंग तेव्हाच सांगायचं व्हतं. मी दुसऱ्या दिशी नाशिकला जाऊन नवी काच आणली असती. दोन वर्सं तरी नीट लिहिली असती मी. आता मानसं म्हणतील, पुंजा जाता जाता काय करून गेला."

"तुमचं नाव मी घेणार नाही. तक्त्यावर सही माझी आहे. तपासायचं काम माझं होतं."

"नाव न घेता व्हतंय का? गावात रेनगेज म्हटलं का पुंजाराम." त्याने उपरण्याने मान पुसली. "सांगावंच लागतंय का?"

मी त्याला तळ्याचं सांगितलं. चारीचं त्याला माझ्याआधीपासून ठाऊक होतं. ती बुजवली तेव्हा तिच्यातला शेवटचा वॉल्व्ह त्यानेच काढला होता.

"धोंडूनाना बोरस्ते लय खूश हायेत तुमच्या त्या पुस्तकावर," तो म्हणाला. "परवा मला म्हणत व्हते, पुंजा, तुझ्या पावसानं गावाचं भलं केलं. मी आपला हसलो. मला वाटलं सत्काराचं बोलतेत."

खालून जीपचा हॉर्न ऐकू आला. पुंजाराम उठला, नरसाळं परत जागेवर बसवलं, अर्धा फेरा फिरवून घट्ट केलं.

"उद्याच्या सभेत काय आधी हाय? तुमचं का माझं?"

"धोरण तिसरा विषय. सत्कार सातवा."

"म्हंजे आधी तुमचं." त्याने मान हलवली. "बरं. नवा सदरा शिवलाय, तेवढा घालून येतो. घालू ना?"

"घाला, पुंजाराम."

दुसऱ्या दिवशी अकराची सभा. सव्वाअकराला सभागृहात अध्यक्षा सावित्रीबाई आहेर, धोंडीराम बोरस्ते आणि आणखी दोन नगरसेवक होते. हजेरीत सह्या अकरा. टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत शाल आणि नारळ. मागच्या भिंतीशी, पंख्याखाली, पुंजाराम पांढऱ्या सदऱ्यात बसला होता. सदऱ्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.

यादव साहेबांनी घड्याळ पाहिलं. "कोरम नाही. सभा अर्धा तास तहकूब. अर्ध्या तासाने इथेच घेऊ, तहकूब सभेला कोरम लागत नाही."

"मग दर वेळी तहकूबच का नाही बोलावत?" सावित्रीबाई म्हणाल्या. त्या पासष्टीच्या होत्या. अध्यक्षपद महिलेसाठी राखीव झालं तेव्हा घरच्यांनी उभं केलं होतं, पण खुर्चीत बसल्यापासून त्या घरच्यांना विचारत नव्हत्या. "आधी भरवा, मग मोडा, मग परत भरवा. पोरींच्या भातुकलीसारखं."

चहा आला. धोंडीराम बोरस्ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

"काय मॅडम, आज गाव पास! आन् तेबी पहिल्या वर्गात. माझ्या सात पिढ्यांत पहिला वर्ग कुणी पाह्यला नव्हता."

"नाना, तो वर्ग कोरडेपणाचा आहे," सावित्रीबाई म्हणाल्या.

"कसला का असंना, अध्यक्षबाई. पानी आल्याशी मतलब."

"कधी येणार? मसुद्यात लिहिलंय का कधी?"

"टप्प्याटप्प्याने," यादव साहेब म्हणाले.

"म्हणजे मी नसेन तेव्हा." सावित्रीबाईंनी बशी खाली ठेवली. "मला एक कळत नाही, मोहिनीबाई. पाऊस निम्मा झाला म्हणता. माझ्या स्वयंपाकघराचा पत्रा तर पहिल्यासारखाच गळतो. उलट जास्त. एका पावसात चार पातेली मांडावी लागतात."

सगळे हसले. मी कपाकडे पाहिलं. इथेच सांगता आलं असतं. पण ही सभा नव्हती, चहा होता, आणि चहावर सांगितलेलं आमच्याकडे लिहिलं जात नाही.

"पत्रा बदला ना, काकू," धोंडीराम म्हणाले. "पावसाला कशाला पुसता? मोठमोठ्या पुस्तकात आलंय. सगळ्या जगाचं हवामान बिघडलंय, आपल्या एका गावाचं काय घेऊन बसलात? त्यात आपला काय दोष?"

'आपला काय दोष' हे त्यांनी अगदी सहज म्हटलं. खिडकीतून त्यांच्या लेआउटमधल्या घरांच्या पाण्याच्या टाक्या दिसत होत्या, काळ्या, एका ओळीत. चारीही तशीच एका ओळीत जायची.

पावणेबाराला सभा पुन्हा सुरू झाली. पहिले दोन विषय, मागील इतिवृत्त आणि गटारीची जाळी, पाच मिनिटांत झाले. यादव साहेबांनी मसुदा उघडला.

"विषय क्रमांक तीन. विभागीय हवामान बदल धोरणावर नगरपरिषदेचा अभिप्राय. ठरावाचा मजकूर असा. सदर मसुदा या सभेस मान्य आहे. परिशिष्ट तीनमधील वर्गवारी मान्य. तळ्याबाबतची शिफारस मान्य."

"सूचक मी," धोंडीराम म्हणाले. "अनुमोदक हे बसलेत."

"थांबा नाना. सोबत एक दाखला जोडायचा आहे, पाणीपुरवठा विभागाचा." साहेबांनी एक टंकलेला कागद माझ्यापुढे सरकवला, त्यावर पेन ठेवलं. "तेवढी सही झाली की विषय संपला. मॅडम?"

कागदावर दोनच ओळी होत्या. पर्जन्यनोंदी तपासल्या असून त्या अचूक आहेत. खाली माझं नाव आणि हुद्दा. टंकलेखकाने नाव बरोबर लिहिलं होतं.

मी पेन उचललं. सवयीने टोपण काढलं. सहीची जागा मला न बघताही सापडली असती; सतरा वर्षं ती उजव्या कोपऱ्यातच असते. पंख्याने कागद हलला आणि मी तो डाव्या हाताने दाबून धरला.

"काय झालं?" धोंडीराम म्हणाले. "शाई संपली का? घ्या माझं पेन."

मी मागे पाहिलं. पुंजाराम खुर्चीत ताठ बसला होता. त्याने नजर चुकवली नाही. सोबत कापडी पिशवी होती. मला वाटलं डबा असेल. त्याने पिशवीत हात घातला, फडक्यात गुंडाळलेली काच बाहेर काढली आणि मांडीवर उभी ठेवली. खिडकी त्याच्या पाठीशी होती. एवढ्या अंतरावरून ओळ वाचता येणं शक्य नव्हतं, पण ती कुठे आहे ते मला माहीत होतं.

"मॅडम," यादव साहेब घड्याळ पाहत म्हणाले, "नोंदी तपासल्यात ना तुम्ही?"

मी टोपण परत लावलं, पेन कागदावर आडवं ठेवलं आणि उभी राहिले. सतरा वर्षांत त्या सभागृहात मी कधी उभी राहून बोलले नव्हते.

"तपासल्या आहेत," मी म्हणाले. "त्या अचूक नाहीत. जून नव्याण्णवपासूनचा सगळा पाऊस आपण निम्मा लिहिला आहे. पाऊस कमी झालेला नाही, त्यामुळे तळं निष्क्रिय ठरत नाही, आणि आपण पहिल्या वर्गातही बसत नाही. दाखल्यात असंच लिहा, साहेब. मग मी सही करते."